वाचता येत नाही तेव्हापासूनच लायब्ररी

"एवढ्याशा पोराला लायब्ररीत नेऊन करायचं काय, वाचता तर येत नाही अजून" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू. माझं म्हणणं आधीच सांगते. वाचायला पोरं कुठेही शिकतात, घरी शिकतात, शाळेत शिकतात, रस्त्यावरच्या पाट्या बघून शिकतात. लायब्ररीत ती शिकतात स्वतः निवडायला, आणि ते शिकायला अक्षरओळख लागतच नाही, म्हणून जितक्या लवकर न्याल तितकं चांगलं.

विचार करून बघा, दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या अख्ख्या दिवसात त्याच्या मर्जीचं असं काय असतं? कधी उठायचं, काय घालायचं, कुठे जायचं, कधी झोपायचं, सगळं आपण ठरवतो आणि ठरवावंच लागतं. खेळणं घ्यायचं म्हटलं तरी हे महाग आहे, हे लगेच मोडेल, असलं एक आहे ना घरी, हे सगळं मध्ये येतं कारण तिथे निवड चुकली तर पैसे जातात. लायब्ररीत निवड चुकली तर काय होतं? काहीच नाही. नाही आवडलं पुस्तक, पुढच्या वेळी बदलून आणायचं. चुकायची अशी मोकळीक मुलांना फार कमी ठिकाणी मिळते आणि मोकळीक असल्याशिवाय निवडायला कोणीच शिकत नाही, मोठी माणसंसुद्धा नाही.

माझी लेक पुस्तक कशी निवडते हे मी लांबून बघत बसते, मला त्याचा कंटाळाच येत नाही. आधी नुसती खोक्यातली पुस्तकं पुढे-मागे ढकलते. बालविभागात चित्रपुस्तकं बुटक्या खोक्यांत किंवा उतरत्या फळ्यांवर मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवलेली असतात ना, ते मुद्दामच असतं, कारण पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता न येणाऱ्या मुलासाठी रांगेत उभी केलेली पुस्तकं म्हणजे नुसत्या रंगीत पट्ट्या. मुखपृष्ठ दिसलं की हात थांबतो. मग ते उलटं-सुलटं करून बघणं, मधलंच कुठलं तरी पान उघडणं, त्यातला एखादा कुत्रा किंवा क्रेन सापडली की खाली बसकण मारणं. कधी दोन पानं बघून ठेवून देते आणि दुसरं उचलते. आपण म्हणतो पोरगी कशावर टिकतच नाही, पण ती तेव्हा तेच करत असते जे आपण दुकानात पुस्तक चाळताना करतो, हे माझ्यासाठी आहे का हे तपासणं. हे तपासायचं असतं, दुसऱ्याने हातात दिलं म्हणून घ्यायचं नसतं, ही गोष्ट तिच्या हातांना कळतेय, तोंडाने सांगता आली नाही तरी.

आणि इथेच आपण मोठी माणसं मध्ये तोंड घालतो. "अगं हे नको, हे बाळांचं आहे", "हे बघ, यात ज्ञान आहे", "परत तेच?" मी आजूबाजूला हे सारखं ऐकते आणि प्रेमापोटीच बोलतात सगळे हेही खरंय. पण पाच वर्षांच्या मुलाने जाड पुठ्ठ्याचं बाळांचं पुस्तक उचललं तर उचलू दे ना, त्याला आता ते स्वतःचं स्वतः अथपासून इतिपर्यंत सांगता येतं त्याचा आनंद आहे त्याच्यात. आणि तीन वर्षांच्या मुलाने विमानाच्या इंजिनाचं मोठ्यांचं जाडजूड पुस्तक उचललं तरी उचलू दे, फोटो बघेल. आमच्याकडे सरळ नियम आहे, कार्डावर जितकी मिळतात त्यातली एक-दोन मी माझ्या मनाची घेते, बाकीची तिची, आणि तिच्या पुस्तकांवर मी मत द्यायचं नाही. अगदीच लहान असेल, वर्ष-दीड वर्षाचं, तर अख्खं कपाट बघून गांगरतं, तेव्हा दोन पुस्तकं समोर धरावीत आणि कुठलं हवं ते बोटाने दाखवू द्यावं, एवढं पुरतं.

आता "परत तेच?" वर येते कारण हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घरी आणतात, परत करतात, शेल्फवर दिसलं की परत उचलतात आणि आपल्याला वाटतं इतकी शेकडो पुस्तकं पडलीयत आणि हिला हेच कसं लागतं. २०११ मध्ये ससेक्स युनिव्हर्सिटीच्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास आला होता. काही मुलांना आठवडाभरात एकच गोष्ट परत परत वाचून दाखवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, पण नवीन शब्द दोन्हीकडे तेच आणि तितक्याच वेळा कानावर पडतील असं ठेवलं होतं. ज्यांनी तीच ती गोष्ट ऐकली होती त्यांच्या ते नवीन शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. मला यातलं कारण पटतं, पहिल्यांदा ऐकताना मूल पुढे काय होतंय यातच अडकलेलं असतं, गोष्ट माहितीची झाली की मग त्याला शब्दांकडे, कोपऱ्यातल्या छोट्या उंदराकडे, पात्राच्या चेहऱ्याकडे बघायला फुरसत मिळते. म्हणजे पोरगं जेव्हा तेच पुस्तक मागतं तेव्हा त्याला ते अजून पुरतं झालेलं नसतं, आपल्याला झालेलं असतं. तेव्हा ती निवडही मानायची.

शब्दांचंच निघालं म्हणून सांगते. १९८८ मध्ये डोनाल्ड हेस आणि मार्गारेट आरेन्स यांनी इंग्रजीतल्या मजकुरांची आणि बोलण्याची तुलना केली होती आणि त्यात लहान मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातले शब्द हे शिकलेल्या मोठ्या माणसांच्या एकमेकांतल्या गप्पांपेक्षाही जास्त निघाले. मला हे वाचून आधी नवल वाटलं आणि मग लक्षात आलं की बरोबरच आहे, घरात आपण दिवसभर काय बोलतो, चल, आण, ठेव, लवकर कर, हे कोणी सांडलं. त्यात गुहा, शिडाचं जहाज, खवले, दीपस्तंभ, कुरकुरणारा जिना असले शब्द येणार कुठून? ते पुस्तकातूनच येतात. घरात दहा पुस्तकं असतील तर दहा पुस्तकांतलेच शब्द येतात आणि लायब्ररीतून दर खेपेला नवी आणली तर शब्दांचा झरा आटतच नाही.

आणि हो, वाचता येत नाही तर ती पुस्तकात बघतात काय, याचंही उत्तर आहे. चित्रं बघतात. मेरी अॅन एव्हान्स आणि जाँ सँतोबाँ यांनी २००५ मध्ये शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना पालक पुस्तक वाचून दाखवत असताना मुलांचे डोळे नेमके कुठे फिरतात ते मोजलं होतं, तर नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर, अक्षरांकडे अगदी नावापुरती. म्हणजे आपण वाचतोय ओळ आणि ते वाचतंय चित्र, दोघांचं वाचन शेजारी शेजारी चाललेलं असतं. म्हणून मी चित्रावर थांबते, "हा का रुसला असेल गं?" असं विचारते आणि तिला बोलू देते, पान उलटायची घाई करत नाही. अधूनमधून ओळीखालून बोट फिरवते, त्याने एवढं कळतं की आवाज त्या काळ्या खुणांमधून येतोय आणि खुणा डावीकडून उजवीकडे जातात. बास. याच्यापुढे अक्षरं घोकून घ्यायला लायब्ररीत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो वेळ तिचा आहे.

निवडायचं म्हणजे शोधता आलं पाहिजे, आणि शोधण्याची सगळी व्यवस्था लायब्ररीत उघड्यावर मांडलेली असते. पुस्तकाच्या पाठीवर तो नंबर असतो ना, बहुतेक ठिकाणी तो ड्युई पद्धतीचा असतो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही दशांश वर्गीकरण पद्धत छापली, सगळ्या विषयांचे दहा मोठे गट, त्यांचे पुन्हा दहा-दहा. ५०० मध्ये विज्ञान, त्यात ५९८ ला पक्षी, ५९९ ला सस्तन प्राणी, ५६७.९ ला डायनोसॉर. चार-पाच वर्षांच्या मुलाला दशांश चिन्ह कशाला कळायला हवं, पण "पाच-सहा-सात कुठे आहे शोध" म्हटलं की ते आकडे जुळवत जुळवत कपाटाशी जातं आणि सापडलं की जे ओरडतं त्याला तोड नाही. नंतर त्याला एक मोठी गोष्ट समजते की सारख्या गोष्टी शेजारी शेजारी राहतात. डायनोसॉरच्या थोडं अलीकडे, ५५१ मध्ये, ज्वालामुखी आणि भूकंप बसलेले असतात. डायनोसॉर बघायला गेलेलं पोर ज्वालामुखी घेऊन परत येतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मग घरी दोन आठवडे ज्वालामुखीच. कॉम्प्युटरवर शोधलं तर जे मागितलं तेच समोर येतं, कपाटासमोर उभं राहिलं तर न मागितलेलंही दिसतं.

यातच एक लहानशी शिस्त शिकवता येते. बघून झालेलं पुस्तक आपल्या मनाने कुठेही खुपसायचं नाही. लक्षात नसेल कुठून काढलं तर टेबलावर किंवा परतीच्या ट्रॉलीवर ठेवायचं, कारण चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक लायब्ररीत असूनही कोणालाच सापडत नाही. हे मुलांना लगेच कळतं कारण लपाछपी त्यांना माहीत असते.

आता काउंटरवरच्या माणसाबद्दल. लहान मूल अनोळखी मोठ्या माणसाशी स्वतःच्या कामासाठी बोलतं असे प्रसंग त्याच्या आयुष्यात असतात किती? सगळीकडे आपण त्याच्या वतीने बोलतो. लायब्ररीत मी ठरवून गप्प बसते. लेक काकांच्या टेबलाला धरून उभी राहते, आधी नुसती बघते, मग म्हणते "मोठं पाणी पाहिजे." काका हसत नाहीत (हा त्या माणसाचा मोठेपणा), विचारतात, समुद्र का नदी? समुद्र. समुद्रातले मासे का जहाज? मासे. लहान का मोठे? खूप मोठे. आणि देवमाशाचं पुस्तक हातात येतं. चांगले ग्रंथपाल मोठ्यांशीही असंच करतात, आपण जे मागतो त्याच्या आडून आपल्याला खरं काय हवंय ते उलट प्रश्न विचारून काढून घेतात. या चार वाक्यांत माझ्या मुलीला कळलं की प्रश्न नीट नसला तरी विचारता येतो आणि विचारता विचारता नीट होतो. आपण मध्ये पडून "तिला देवमाशाचं हवंय हो" म्हटलं असतं तर पुस्तक लवकर मिळालं असतं पण बाकी सगळं गेलं असतं.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ते गणिताचे प्राध्यापक होते, नंतर ग्रंथपाल झाले, आणि मला नेहमी वाटतं की हे नियम गणिती माणसानेच लिहावेत इतके ते छोटे आणि नेमके आहेत. प्रत्येक वाचकाला म्हटलंय, वाचता येणाऱ्या प्रत्येकाला असं नाही म्हटलेलं. दीड वर्षाचं बाळ पुठ्ठ्याचं पुस्तक चावतंय तेही वाचकच, त्याचं पुस्तक चावून टिकणारं हवं एवढंच.

मुलांना लायब्ररीत घेणं हे तसं फार जुनं नाही हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत ठराविक वयाखालच्या मुलांना प्रवेशच नसायचा आणि मोठ्यांनाही पुस्तकं बंद कपाटातून मागून घ्यावी लागायची. अमेरिकेत अॅन कॅरल मूर यांनी १८९६ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये खास मुलांसाठी खोली चालवायला घेतली, त्यांच्या उंचीच्या टेबल-खुर्च्या, हाताला येतील अशी उघडी कपाटं. पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत त्यांनी मुलांकडून वहीत सही घेऊन, पुस्तकं नीट सांभाळीन अशा वचनावर पुस्तकं घरी द्यायला लावली. आपलं नाव लिहिता येतंय एवढ्या मुलावर असा भरवसा टाकणं ही त्या काळी केवढी गोष्ट असेल! १९९४ च्या युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात ग्रंथालयाच्या कामांची यादी दिलीय, त्यात पहिल्याच नंबरला मुलांमध्ये लहान वयापासून वाचनाची सवय रुजवणं आहे. म्हणजे आज कोणी आपल्या पोराच्या बडबडीकडे डोळे वटारून बघितलं तर मनाला लावून घेऊ नका, तुमचं मूल तिथे हक्काने आलेलं आहे. बालविभागात थोडा आवाज होणारच. बाकी मोठ्यांच्या खोलीत हळू बोलायचं हे मुलांना सांगावं फार लागत नाही, तिथे शिरल्यावर सगळे वाचतायत हे बघून ती आपणहून आवाज खाली आणतात.

घरी आणलेलं पुस्तक परत द्यायचं, ही सगळ्यात अवघड शिकवणी. पहिल्यांदा रडारड होते. माझं आहे ते, मी नाही देणार. आणि मुलाला ते पटणार तरी कसं, तीन आठवडे पुस्तक उशाशी घेऊन झोपलंय ते. मी तिला आतल्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दाखवायचे, एकाखाली एक शिक्के. हा शिक्का आपला, हा वरचा दुसऱ्या कोणाचा तरी, त्याने परत दिलं म्हणून आपल्याला मिळालं, आता आपण दिलं की खालचा शिक्का तिसऱ्याचा. हल्ली बारकोड आणि मशीन आल्यामुळे बऱ्याच ठिकाणी शिक्के गेलेत, मला त्याचं वाईट वाटतं, कारण लहान मुलाला दिसणारा तेवढाच एक पुरावा होता की हे पुस्तक आपल्या आधीही कोणाच्या तरी मांडीवर होतं. शिक्के नसतील तर तोंडाने सांगा पण सांगा. एखादी गोष्ट आपली असून सगळ्यांची असू शकते हे समजायला मुलाला वेळ लागतो आणि घरात ते समजायची सोय नसते, घरात एक तर वस्तू माझी असते नाहीतर दादाची.

परत देणं हा निवडीचाच दुसरा भाग आहे असं मला वाटतं. परत देता येतं म्हणून तर बिनधास्त निवडता येतं. आणि हवं असलेलं पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असलं की नाव नोंदवून थांबायचं, हेही त्याच पोटात आलं.

पान फाटलं तर? फाटतं, लहान मुलं आहेत. घरी चिकटपट्टी लावू नका, साधी चिकटपट्टी काही काळाने पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि मग ते पान कायमचं बिघडतं, लायब्ररीकडे त्यासाठी वेगळी पट्टी आणि वेगळा गोंद असतो. फाटलेला तुकडा पुस्तकातच ठेवायचा आणि परत देताना मुलानेच सांगायचं की हे पान फाटलं. बऱ्याचदा काउंटरवरचं माणूस "बरं झालं सांगितलंस" म्हणतं. हे ऐकलेलं मूल पुढच्या वेळी लपवत नाही.

जाता जाता काही बारीकसारीक, अनुभवातून आलेलं. झोपेच्या किंवा भुकेच्या वेळेला नेऊ नका. पहिले काही वेळा अर्धा तासही खूप झाला, कंटाळलं की निघायचं, पुस्तकं पुढच्या वेळी पण तिथेच असणारेत. "शहाण्यासारखा वागलास तर लायब्ररीत नेईन" असं बक्षीस करू नका आणि न्यायचं नाही अशी शिक्षा तर अजिबातच नको. महिन्याला किती पुस्तकं झाली याचा तक्ता भिंतीवर लावणारे पालक मला भेटलेत, त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तक्ता लागला की मूल पातळ पुस्तकं निवडायला लागतं. घरी येऊन "सांग बघू गोष्टीत काय झालं" अशी परीक्षा पण नको. आणि आपण स्वतः आपल्यासाठी एक तरी पुस्तक घ्यायचं, मुलासमोर, शोधत, चाळत, एखादं परत ठेवत. आई पण ठरवायला वेळ घेते, आईचं पण एखादं पुस्तक अर्धवट परत जातं, हे त्याने बघायला हवं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. हवं असलेलं पुस्तक लायब्ररीत नसेल तर ते घ्या अशी मागणी नोंदवता येते, कुठे वही असते, कुठे फॉर्म, कुठे ऑनलाइन. रंगनाथनांचा पाचवा नियम हाच आहे की ग्रंथालय ही वाढती गोष्ट आहे, आणि ती कोणत्या बाजूला वाढावी हे तिथे येणाऱ्यांनी सांगायचं असतं. लहान मुलाला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि खाली नाव त्याचं घाला. माझ्या लेकीने गोगलगाईचं पुस्तक मागितलंय. अजून आलेलं नाही, बजेट, ऑर्डर, त्यांच्या त्यांच्या अडचणी असतात, पण दर वेळी गेलं की ती आधी काउंटरवर जाऊन विचारते आणि काका वही उघडून तिचं नाव तिला दाखवतात. पुढच्या वेळी मुंग्यांचं पण सांगणार आहे म्हणते.